पुसून आणलेला डोळा

दुपारी दोननंतर आमच्या लॅबमध्ये एक झोपाळू उजेड यायचा. बाहेरचं काही दिसू नये म्हणून खिडकीच्या काचांना पांढरा रंग दिलेला होता, त्यामुळे ऊन आत यायचं ते पातळ दुधासारखं होऊन. कोपऱ्यात इन्क्युबेटर मंद घुमत असायचा. इन्क्युबेटर म्हणजे माणसाच्या अंगाइतकं ऊबदार ठेवलेलं एक लोखंडी कपाट. त्यात काचेच्या बशांमधून लोकांच्या डोळ्यांतले जंतू वाढत असायचे आणि मी स्टुलावर बसून ते वाढण्याची वाट बघत असायचे. माझ्या नोकरीचं खरं वर्णन एवढंच. नातेवाइकांना मी ‘डोळ्यांच्या हॉस्पिटलात असते’ असं सांगायचे, मग ते चष्मा काढून माझ्या हातात द्यायचे आणि नंबर वाढलाय का ते विचारायचे.

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. तरी दुपारी जेवून जरा आडवं झालं की तो दुधी उजेड अजून पापण्यांच्या आत येतो. कधीकधी त्यात बाबा असतात. खरं तर बाबा लॅबच्या दारापर्यंतही कधी आले नव्हते, पण झोपेत ते माझ्याच स्टुलावर बसलेले असतात, उजव्या डोळ्याला भिंग लावून, आणि बशीत वाकून बघत असतात. मी काही बोलायला जाते आणि जाग येते. पंखा फिरत असतो, खालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत असतं.

बाबा घड्याळजी होते. शनिवार पेठेत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं एका खुर्चीचं दुकान होतं. एका खुर्चीचं म्हणजे गिऱ्हाइकाने उभंच राहायचं. लहानपणी देवी आल्या तेव्हा त्यांच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं, म्हणजे बुबुळावर कायमचा पांढरा डाग. त्या डोळ्याने त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. कुणी हळहळलं की ते म्हणायचे, “घड्याळजीला एकच डोळा लागतो. दुसरा तुम्ही तरी मिटूनच घेता की नाही भिंगात बघताना?” त्या एका उजव्या डोळ्यावर त्यांनी आमचं घर चालवलं, माझं शिक्षण केलं, आईचं आजारपण काढलं. तो डोळा गेला तर मागे दुसरा नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, पण असल्या गोष्टी आमच्याकडे बोलल्या जात नसत.

दुकानात त्यांचा एकच नियम होता आणि तो ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. घड्याळ जसं बंद पडलं तसं आणायचं. लोक काय करतात, घड्याळ बंद पडलं की आधी हलवतात, मग मागचं झाकण उघडून फुंकर मारतात, शिवणयंत्राचं तेल सोडतात, आणि दुकानात यायच्या आधी रुमालाने लख्ख पुसून आणतात. घड्याळजीपुढे मळकं घड्याळ न्यायचं कसं, हा शिष्टपणा. बाबांचा तिथे पारा चढायचा. “अहो, कचरा कुठे अडकला होता हे मला त्या कचऱ्यावरूनच कळणार ना? तुम्ही पुरावा पुसून आणलात आणि आता मला विचारता चोर कोण,” असं म्हणत ते घड्याळ परत गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचे. नंतर दुरुस्त करून द्यायचेच, पण आधी हे ऐकवायचे.

माझ्या कामातही हीच अडचण होती, हे सांगितलं असतं तर बाबांना किती गंमत वाटली असती. पण कितीतरी वर्षं मी सांगितलं नाही, आणि का नाही सांगितलं ते पुढे येईलच. बुबुळावर जखम होऊन तिथे जंतू धरले की आमच्या डॉक्टरीणबाई बारीक पात्याने त्या जखमेची किंचित खरड काढायच्या आणि बशीतल्या तांबड्या, जेलीसारख्या थरावर चंद्रकोरीच्या आकाराच्या लहान लहान रेघा ओढायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या कोरींवर जंतूंचे ठिपके उगवायचे. कोरीच्या बाहेर काही उगवलं तर ते हवेतलं, सोडून द्यायचं. कोरीवर उगवलं ते डोळ्यातलं. पण त्या आधी पेशंटने डोळ्यात औषध घातलेलं असलं की बशी कोरीच राहायची. जंतू मेलेले नसायचे, डोळ्यात खोल दबा धरून असायचे, फक्त आमच्या हाती लागायचे नाहीत.

एकदा मांजरी गावची एक बाई आली होती. उसात काम करताना पातं डोळ्याला लागलं होतं आणि बुबुळावर पांढरा चट्टा धरला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, औषध काही घातलंय का? तर ती म्हणाली, “घातलंय की. सकाळीच घातलंय. धुतला, पुसला, मेडिकलवाल्यानं दिल्यालं औषध टाकलं आन् मंग आले. एवढ्या मोठ्या डाक्टरापुढं घाण डोळा घिऊन यायचं बरं दिसतं व्हय?” ती हे इतक्या अदबीने म्हणाली की डॉक्टरीणबाईंना रागावताही येईना. तिची बशी पाच दिवस कोरी राहिली. शहरातले लोक तर तिच्याहून पुढचे. ते आंघोळ करून, केस विंचरून, डोळ्यात दोन थेंब घालून, वर इस्त्रीचा रुमाल घेऊन यायचे.

ज्यांच्या बशीत उगवायचं, त्यांचं पुढचं काम माझ्याकडे असायचं. उगवलेले जंतू दुसऱ्या बशीवर पातळ सारवायचे आणि त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजवून वाळवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरलेली असायची. जे औषध त्या जंतूवर चालतं, त्याच्या टिकलीभोवती तेवढी जागा मोकळी राहायची, चंद्राला खळं पडतं तशी. मी पट्टी घेऊन खळी मोजायचे आणि वहीत आकडे लिहायचे. मला ते काम फार आवडायचं. दुपारचा तो उजेड, बशीमागे धरलेला दिवा, आणि तांबड्या आभाळात पाच-सहा चंद्र. कधीकधी मोजायचं सोडून मी नुसती बघत बसायचे.

वर्षं गेली तशी खळी लहान होत गेली. एकदम नाही. एखाद्या वर्षी इतकीशी, पुढच्या वर्षी आणखी इतकीशी. सुरुवातीला ज्या टिकलीभोवती कोटाच्या बटणाएवढं खळं पडायचं, तिच्याभोवती शर्टाच्या बटणाएवढं पडू लागलं, आणि मग काही पेशंटांच्या बशीत जंतूंची साय सरळ टिकलीला येऊन भिडू लागली. औषध तेच, बाटली तीच, जंतूला मात्र त्याचं काही वाटेनासं झालं होतं. का ते आम्हाला माहीत होतं. लोक दोन दिवस थेंब घालतात, लाली गेली की थांबतात. दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात, आणि उरलेल्यांची प्रजा वाढते. डॉक्टरीणबाई एकदा माझी वही चाळताना म्हणाल्या होत्या, “आपण यांना तालीम देतोय.” मी मान डोलावली, वही मिटली आणि पाच वाजता घरी गेले.

घरी गेल्यावर मी आधी हातपाय धुवायचे, साडी बदलायचे, आणि हॉस्पिटलाचा विषय दारातच ठेवायचे. हा आईचा नियम होता. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं, तिकडचं तिकडे, ताटावर पुवाच्या गोष्टी नकोत. आई गेली, नियम राहिला. बाबा विचारायचे, “काय, कसा गेला दिवस?” मी म्हणायचे, “गेला.” मग आम्ही जेवायचो आणि बाबा मला घड्याळांच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या कामातलं मला सगळं ठाऊक होतं. माझ्या कामातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. असं वर्षानुवर्षं चाललं आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, याचा मला आज भयंकर राग येतो.

कारण औषधाच्या बाटल्या मात्र मी घरी आणत होते. कंपन्यांचे प्रतिनिधी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर डोळ्यांच्या थेंबांच्या नमुन्याच्या लहान लहान बाटल्या ठेवून जायचे. त्यातल्या मुदत संपत आलेल्या बाटल्या डॉक्टरीणबाई मला घेऊन जा म्हणायच्या, गरजूंना दे म्हणायच्या. मी त्या पर्समध्ये टाकून बाबांना आणून द्यायचे. घरी काहीतरी घेऊन जायचं एवढाच त्यात विचार. आणि बाबांना कुणी काही दिलं तर त्यांना जो आनंद व्हायचा, तो बघायला मला आवडायचा.

घड्याळजी काही टाकत नाही. मेलेल्या घड्याळाचं चाक उद्या जित्या घड्याळात बसतं, म्हणून बाबांकडे पत्र्याच्या डब्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवलेली. स्क्रू, काटे, चाव्या. तशीच एक डबी थेंबांच्या बाटल्यांची झाली. मी आणलेल्या, शेजाऱ्यांच्या उरलेल्या, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर राहिलेल्या. इमारतीत कुणाचे डोळे आले की ते बाबांकडे यायचे. खालच्या मजल्यावरच्या काकू तर दर उन्हाळ्यात यायच्या. बाबा चिमट्याने घड्याळातला, चाकाचा आस ज्यात फिरतो तो इवला दगड उचलावा तशी बाटली उचलून द्यायचे आणि बजावायचे, “लाली गेली की थांबा. औषध वाया घालवू नका, उरलेलं परत आणा.” स्वतःच्या डोळ्यातही ते तसंच घालायचे. भिंग लावून लावून डोळा लाल झाला की दोन दिवस थेंब, मग बाटली परत डबीत. मी हे बघत होते. दिवसभर खळी मोजून यायचे आणि संध्याकाळी चहा पीत हे बघायचे. दोन्ही गोष्टी माझ्याच डोळ्यांपुढे होत्या, पण त्या एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत.

नव्वदीच्या दशकाचा शेवट होता. चावीची घड्याळं कमी झाली होती, सेलवाली आली होती, आणि बाबा आता जुन्या, हट्टी माणसांचीच घड्याळं करायचे. एका घड्याळातून केसाएवढी स्प्रिंग उडून त्यांच्या डोळ्याला लागली. मला त्यांनी सांगितलंच नाही. चार दिवस ते डबीतले थेंब घालत राहिले, आज या बाटलीतले, उद्या त्या. पाचव्या दिवशी सकाळी मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांनी कप उचलायला हात पुढे केला, तो कपाच्या वीतभर डावीकडे गेला. मी त्यांची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. बुबुळावर, बरोबर बाहुलीच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा पिवळट ठिपका होता.

“काही नाही, जरा धूसर दिसतंय,” बाबा म्हणाले.

मी रिक्षा बोलावते म्हटल्यावर ते म्हणाले, थांब, जरा आवरतो. ते मोरीत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. बाहेर आले तेव्हा दाढी केलेली, पांढरा सदरा, आणि डोळा स्वच्छ पुसलेला. मला इतकी घाई झाली होती की मी त्या डोळ्याकडे परत नीट बघितलंच नाही.

डॉक्टरीणबाईंनी खरड काढली, कोरी ओढल्या. लॅबमध्ये बशी हातात घेतल्यावर मी पहिल्यांदाच तिच्यावरचं नाव वाचलं. नेहमी बशीवर नंबर असतो, नाव कुणी वाचत नाही. इन्क्युबेटरचं दार लावताना मी मनात म्हटलं, उगव. जे काय असेल ते उगव एकदाचं. जंतूला कुणी अशी विनवणी केली नसेल. डॉक्टरीणबाईंनी अंदाजाने औषध सुरू केलं, कारण हातावर हात ठेवून बसता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बशी कोरी. तिसऱ्या दिवशी कोरी. तांबड्या थरावर पात्याच्या रेघा तेवढ्या दिसत होत्या, ओल्या मातीवर नखाने ओढल्यासारख्या. आणि तिकडे डोळ्यातला ठिपका तांदळाचा डाळीएवढा झाला होता. बाबांना आता माझा चेहरा दिसत नव्हता, मी दारात आले की साडीच्या रंगावरून ओळखत होते. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बोलावून विचारलं, “त्यांनी आधी काही घातलं होतं का?” मी म्हटलं, माहीत नाही. आणि म्हणताम्हणताच मला माहीत झालं.

मी वॉर्डात गेले. बाबा पलंगावर मांडी घालून बसले होते.

“बाबा, त्या दिवशी मोरीत तुम्ही काय केलंत?”

“दाढी.”

“आणि?”

“डोळा धुतला. उकळलेल्या पाण्याने. पापण्यांवर फार घाण आली होती. आणि निघताना चांगले चार-पाच थेंब घातले.” मग ते म्हणाले, “तुझ्या हाताखालची-वरची माणसं असणार तिथे. हिचा घड्याळजी बाप चिपडं घेऊन आला म्हणतील. तुला कमीपणा नको.”

मी पलंगाच्या कडेला बसले. खिडकीबाहेर गुलमोहराचं पान न पान स्थिर होतं. मग मी बाबांना सांगितलं की बशीत काही उगवलं नाही, आणि का उगवलं नाही. ते ऐकत होते. मी बोलायची थांबले तरी ते ऐकतच राहिले. त्यांच्या तोंडावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं, आणि ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “म्हणजे मी घड्याळ पुसून आणलं.”

त्यांच्या आयुष्यात त्यांनी हजार गिऱ्हाइकांना जे ऐकवलं, ते त्यांनी स्वतःला एका वाक्यात ऐकवलं. मला रडू आलं ते तेव्हा.

डॉक्टरीणबाईंनी ठरवलं की एक दिवस सगळी औषधं थांबवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खरड काढायची. यात धोका होता आणि त्यांनी तो लपवला नाही. त्या दिवसात ठिपका बाहुलीवर चढू शकत होता. पण कुठला जंतू आहे, त्याला काय लागू पडतं हे न कळता घातलेलं औषध म्हणजे अंधारात मारलेले दगड. बाबांनी विचारलं, “तो दिवस मी घरी काढला तर चालेल?” मी त्यांच्याजवळ बसेन आणि डोळ्यात पाणीसुद्धा जाऊ देणार नाही, या अटीवर त्या हो म्हणाल्या.

तो दिवस माझ्या आठवणीत एका लांब दुपारीसारखा आहे. सकाळ आणि संध्याकाळ असणारच, पण मला फक्त दुपार आठवते. मी बाल्कनीचा पडदा ओढून घेतला होता, बाबा आरामखुर्चीत, मी खाली सतरंजीवर. त्यांचा हात सवयीने डोळ्याकडे जायचा आणि मी तो धरून खाली आणायचे. मग मी तो हात सोडलाच नाही. नदीकडून वारा आला की पडदा आत फुगायचा आणि त्याच्याबरोबर उजेड खोलीभर हलायचा. खाली पेठेतले आवाज दुरून यावेत तसे येत होते. आम्ही दोघं कुठल्यातरी होडीत बसलो आहोत असं मला वाटत होतं, आणि किनारा कुठल्या बाजूला आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं.

“तू तिथे दिवसभर करतेस काय, ते सांग,” बाबा म्हणाले. “आज मला दुसरं कामही नाही.”

मी सांगितलं. कोरी, ठिपके, टिकल्या, खळी. खळी वर्षानुवर्षं कशी लहान होत गेली. लाली गेली की थांबायचं म्हणजे नेमकं काय होतं. आधी मी तुटक सांगत होते, मग मला थांबवेना. बाबा मधूनमधून नेमका प्रश्न विचारायचे. खळ्याची कड धारदार असते की पुसट? टिकली सरकली तर काय करतेस? इतके चांगले प्रश्न मला लॅबमध्येही कुणी विचारले नव्हते.

“कळलं,” ते शेवटी म्हणाले. “घड्याळ पेट्रोलने धुवायचं तर पुरतं धुवावं लागतं. अर्धवट धुतलं की वरची घाण निघते आणि उरलेली पेट्रोलबरोबर वाहत जाऊन पार दगडाच्या भोकात बसते. मग ती निघत नाही. त्यापेक्षा न धुतलेलं बरं.” त्यांनी मान माझ्याकडे वळवली. “हे सगळं तुला किती वर्षं माहीत होतं?”

“दहा-अकरा.”

“मला का नाही सांगितलंस?”

“घरात हा विषय नको असायचा.”

“तुझ्या आईला नको असायचा,” बाबा म्हणाले. “मी घड्याळं उघडतो. मला आतली घाण बघायची सवय आहे.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नव्हते, त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते डोळ्याचं नव्हतं. इतकी वर्षं समोरासमोर जेवताना मी त्यांना माझ्या कामाबाहेर ठेवलं याचं होतं. मी चुकले, असं म्हणाले. ते म्हणाले, “डबी माझी होती.” मी म्हणाले, “बाटल्या माझ्या होत्या.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा खरड काढली. बाबा न धुतलेल्या डोळ्याने, दाढीचे खुंट वाढलेले, सगळ्या ओपीडीपुढे ताठ बसले होते. त्यानंतरच्या सकाळी मी इन्क्युबेटर उघडला आणि कोरींवर, अगदी रेघेत, मोहरीएवढे सोनेरी ठिपके उगवलेले होते. इतकी सुंदर वाढ मी क्वचित पाहिली असेल. मला आनंद झाला, मग आपल्याला कशाचा आनंद झाला हे कळून मी खुर्चीवर बसले.

टिकल्यांची बशी त्याच्या पुढच्या दिवशी तयार झाली. मी पट्टी घेतली. बाबांच्या डबीत ज्या औषधांच्या बाटल्या होत्या, त्या औषधांच्या टिकल्या मला न वाचता ओळखता येत होत्या. पहिलीभोवती काही नाही. दुसरीभोवती काही नाही. सोनेरी साय सगळ्यांना लगटून बसली होती; डोळ्यात ओतलेल्या थेंबांनी हे जंतू वरवर दबले होते, मेले नव्हते. मी बशी फिरवत गेले. एकाच टिकलीभोवती खळं होतं, स्वच्छ, धारदार कडेचं. ते औषध थेंबांच्या रूपात मिळत नव्हतं, नसेतून द्यायचं इंजेक्शन होतं. मी तो आकडा वहीत न लिहिता तशीच धावत डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्या इंजेक्शनच्या कुपीतून हॉस्पिटलातच थेंब तयार केले गेले. रात्रंदिवस तासातासाला एक थेंब. ते डोळ्यात पडले की मिरचीसारखे झोंबायचे, बाबा पलंगाची कड धरायचे, पण तोंडातून अवाक्षर काढायचे नाहीत. तास झाला हे मला कधी सांगावं लागलं नाही. घड्याळ दिसत नसताना ते बरोबर वेळेला मान मागे टाकून तयार असायचे. आठवड्याने ठिपका वाढायचा थांबला. तीन आठवड्यांनी जखम भरली. लाली जाऊन कितीतरी दिवस झाले तरी डॉक्टरीणबाई पुरे म्हणेपर्यंत बाबांनी एक थेंब चुकवला नाही.

डोळा राहिला, पण जखम जिथे भरली तिथे डाग राहिला, या डोळ्यातही फूल. बाहुलीच्या निम्म्या भागावर ते आलं होतं. बाबांना चालता-फिरता येत होतं, माणूस चालीवरून ओळखता येत होता, ताटातला भात आणि भाजी वेगळी दिसत होती. घड्याळाचं चाक दिसणं मात्र संपलं. किती दिसतं, हे त्यांनी मला स्पष्ट कधी सांगितलं नाही आणि मीही विचारायची टाळाटाळ करत होते. इतकं होऊनही मी पुन्हा तेच करत होते, ही माझी खोड.

घरी आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी, एका शनिवारी दुपारी, अर्ध्या दिवसाची लॅब करून येऊन मी न्हाले होते आणि बाल्कनीत केस वाळवत बसले होते. मी तेव्हा चाळिशीची होते आणि माझे केस लांब होते. बाबा आरामखुर्चीतून माझ्याकडे बघत होते. पडदा बाजूला केलेला होता, लख्ख ऊन होतं. बराच वेळ ते बघत राहिले, मान थोडी डावीकडे कलवून, मग थोडी उजवीकडे.

“एक विचारू?” ते म्हणाले. “तुझे केस पांढरे झालेत का?”

माझा हात केसांतच थांबला. हो म्हणणं फार सोपं होतं. चाळिशीत केस पिकतात, कुणी खोटं म्हटलं नसतं, आणि आपला डोळा बरा झाला असं त्यांना वाटत राहिलं असतं. बाबा उत्तराची वाट बघत होते. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते.

“नाही, बाबा,” मी म्हणाले. “काळेच आहेत. पांढरं आहे ते तुमच्या डोळ्यात आहे.”

त्यांनी हळूच मान हलवली. मग खुर्चीच्या हातावरची बोटं एकेक करून सैल झाली.

“बरं झालं सांगितलंस,” बाबा म्हणाले. “आता बस इथे, आणि आज काय उगवलं ते सांग.”